सुटा भाग क्रमांक सात

कारखान्यात पाच खोल्या आणि पाच माणसं. शाळा-कॉलेजांसाठी प्लॅस्टरचे अवयव बनवायचा कारखाना तो. ज्यानं जो अवयव रंगवायचा, त्याला त्याच अवयवाच्या नावानं हाक मारायची, अशी तिथली पद्धत. त्यामुळे तिथलं बोलणं नवख्या माणसाला जरा जड जायचं. "जीभ आज आली नाही, तिची दाढ दुखतेय." "नाकाला सांगा, पंख्याखालून उठ, सर्दी होईल." डोळे रंगवणाऱ्या गृहस्थांना बाटलीच्या बुडासारख्या भिंगांचा चष्मा होता, आणि चष्मा हरवला की "डोळ्यांना दिसत नाहीये, जरा शोधा हो," असा पुकारा व्हायचा. यात कुणाला काही गंमत वाटत नसे. रोजच्या कामात गंमत वाटायला लागली तर माणूस काम कधी करणार?

कानकाका एकतीस वर्षं कान रंगवत होते. शरीरशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे विशेष ज्ञानेंद्रियं पाच: दृष्टी, श्रवण, गंध, रुची आणि तोल. तोल सांभाळायच्या तीन वळणदार नळ्या कानाच्याच आत असतात, त्यामुळे कानकाकांकडे दोन इंद्रियं आणि पगार एक. स्पर्श मात्र पुस्तकात 'साधारण' म्हणून गणलेला. तो अंगभर असतो ना. अंगभर असलेल्या गोष्टीला विशेष कोण म्हणणार? म्हणून त्वचेची खोली सगळ्यात मागे, गोदामाला लागून होती, आणि त्वचाबाईंनी ही गोष्ट मनाला लावून घेतलेली होती.

"डोळे मिटून माणूस जगतो, कान बंद करून जगतो," त्या डबा खाताना म्हणायच्या. "कातडी सोलून जगून दाखवा एकानं तरी."

कानकाकांचा कान खऱ्यापेक्षा चौपट मोठा. बाहेरची पाळी गुलाबी, पडदा मोतिया, तोलाच्या नळ्या निळ्या, ऐकायची नळी, जिला तिच्या वेटोळ्यावरून गोगलगाय म्हणत, ती जांभळी, मेंदूकडे जाणारी नस पिवळी. पडद्यामागे तीन हाडं: हातोडी, ऐरण आणि रिकीब. घोड्याच्या खोगिराला पाय अडकवायची जी रिकीब असते, हुबेहूब तिच्या आकाराची. माणसाच्या अंगातलं हे सगळ्यात लहान हाड. पडदा हलला की हातोडी हलते, हातोडीनं ऐरण, ऐरणीनं रिकीब, आणि रिकीब गोगलगायीच्या दारावर टकटक करते. दार वाजलं की आत ऐकू येतं. असे तयार कान भिंतीवरच्या फळ्यांवर वाळत ओळीनं मांडलेले असायचे. भिंतीला कान असतात ही म्हण त्या खोलीत नुसतं वर्णन होती.

त्या कानाचे सात भाग सुटे निघायचे. सातवा भाग म्हणजे रिकीब, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. ती हरवायची. दर आठवड्याला कुठल्या तरी शाळेचं पत्र यायचं, 'सुटा भाग क्रमांक सात गहाळ झाला आहे, कृपया पाठवावा.' मालकांनी भाग फुकट पाठवण्याची हमी छापून ठेवलेली. ती हमी मालकांची आणि चिमट्यात धरून रिकीब घडवायचं काम कानकाकांचं. एका सकाळी, सतरावं पत्र वाचून झाल्यावर, त्यांनी कुणालाही न सांगता रिकिबीच्या पायाला सरसाचा एक ठिपका लावला आणि ती गोगलगायीच्या दारावर कायमची चिकटवून टाकली.

पत्रं थांबली. वर्षाअखेरीस मालक म्हणाले, "बघा कान, शाळा सुधारल्या."

"हो ना," कानकाका म्हणाले.

नऊ वर्षं हे असं चाललं.

आता कानकाकांच्या स्वतःच्या कानांबद्दल. डावा लहानपणी गालफुगीत गेलेला, पार बंद. त्यामुळे एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडून द्यायची जी सोय संसारी माणसाला असते, ती त्यांना कधीच नव्हती. जे काही होतं ते उजव्यात. आणि उजवा चांगला होता. साच्यातून काढलेला कान आतपर्यंत वाळला की नाही हे ते बोटाच्या पेरानं वाजवून सांगायचे. ओला असला तर 'थप', वाळला असला तर 'टण'. ओल्यावर रंग दिला तर महिन्याभरात पोपडे येतात. कारखान्यातल्या पाचही इंद्रियांची परीक्षा कानकाकाच करायचे. डोळे, नाक, जीभ, सगळे आपापला माल घेऊन त्यांच्या दाराशी उभे राहायचे, आणि ते एक टिचकी मारून मान हलवायचे किंवा नाही हलवायचे.

मग यंदाच्या मोसमात चाळीस कान परत आले. शाळांनी खोकी उघडली तर गुलाबी पाळ्यांना महारोग झाल्यासारखे पोपडे. मालकांनी एक कान टेबलावर ठेवला, एक आपला चिमटीत धरला, आणि बराच वेळ बोलले. कानकाका म्हणाले, "बरं."

"बरं काय, बरं? मी विचारतोय, वाजवून बघितले होते का?"

"बरं," कानकाका म्हणाले.

त्वचाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पुढं होऊन एक ओला कान उचलला, कानकाकांच्या मागे धरला आणि वाजवला. मग वाळलेला वाजवला. मग मालकांकडे बघितलं. कानकाका समोरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"मालक," त्वचाबाई म्हणाल्या, "कानाला ऐकू येत नाहीये."

कारखान्याच्या इतिहासात हे वाक्य पहिल्यांदाच खऱ्या अर्थानं वापरलं गेलं, आणि तेव्हाही नाक हसलंच.

कानांच्या डॉक्टरीणबाईंकडे कानकाका एकटेच गेले. घरी सांगितलं नाही. घरी तसंही फारसं काही सांगायची पद्धत उरलेली नव्हती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाज खणखणीत होता, आणि मशिनीसमोर बोलल्यासारखं एकेक शब्द तोडून बोलायच्या. त्यांनी कानकाकांना एका जाड दाराच्या खोलीत बसवलं, डोक्याला यंत्र लावलं, आवाज आला की बोट वर करा म्हणाल्या, आणि काचेपलीकडे जाऊन बसल्या. कानकाका बोट तयार ठेवून बसले. खोलीत चांगलीच शांतता होती. घरच्यासारखी.

बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी आवाज तपासायचा एक लोखंडी चिमटा काढला, दोन पायांचा. गुडघ्यावर आपटला आणि कानासमोर धरला. "येतंय?"

"काही नाही."

मग त्यांनी चिमट्याचं बूड कानामागच्या हाडावर टेकवलं.

टण.

कानकाका खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले. तोच आवाज. बारीक, स्वच्छ, शेपटी लांबवत जाणारा. वाळलेल्या प्लॅस्टरचा. कित्येक वर्षांत तो असा स्वच्छ ऐकला नव्हता, आणि ऐकला नव्हता हे त्यांना तो आवाज येईपर्यंत माहीतच नव्हतं. आवाज असा हळूहळू जातो की जाताना त्याचा आवाज होत नाही.

"पुन्हा," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा वाजवला. मग टेबलावरचा प्लॅस्टरचा कान पुढं ओढला. गुलाबी, मोतिया, निळा, जांभळा. कानकाकांनी तो लगेच ओळखला. पाळीच्या मागे त्यांच्या कुंचल्याची ती एक अडखळलेली रेघ होती. आपलं लेकरू परक्याच्या घरात अचानक दिसावं तसं त्यांना झालं.

"हे बघा," डॉक्टरीणबाई त्यांच्या उजव्या बाजूला वाकून मोठ्यानं म्हणाल्या. "ही रिकीब. ही हलली पाहिजे. तुमची हलत नाही. तिच्या पायाशी नवं हाड वाढतं आणि ती दारावरच चिकटून बसते. म्हणून बाहेरून आवाज आत जात नाही, पण हाडावर टेकवला तर जातो. खरं म्हणजे हलणारी कशी असते ते दाखवलं असतं, पण हे मॉडेलच भिकार आहे. ह्याचा हा भाग निघतच नाही. निघतो म्हणून लिहिलंय, सुटा भाग क्रमांक सात. पाच वर्षं मी चिमट्यानं ओढतेय."

"सरसानं चिकटवलंय ते," कानकाका म्हणाले.

"काय?"

कानकाकांचा आवाज फार हळू होता. स्वतःचं बोलणं त्यांच्या डोक्यात आतल्या आत दणाणायचं, त्यामुळे आपण केवढ्यानं ओरडतोय असं वाटून ते पुटपुटायचे.

"काही नाही," ते म्हणाले.

"पण या रोगापुरतं मॉडेल अगदी बरोबर आहे म्हणा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी कान मिटला.

ऑपरेशन असतं. रिकीब काढून तिच्या जागी बारीक दांडी बसवतात. पण शंभरात एखाद्या वेळी कान कायमचा जातो, आणि चालू कान एकच असेल तर त्याला कुणी हात लावत नाही. शिवाय आता उशीर झालाय. ते हाड पुढं गोगलगायीतही शिरलंय. यंत्र देता येईल, पण यंत्र आवाज मोठा करतं, शब्द स्वच्छ करत नाही. शब्दांचा लगदा होत जाईल. हाडावरून आज जे ऐकू येतंय तेसुद्धा जाईल. हे सगळं डॉक्टरीणबाईंनी थोडं ओरडून आणि थोडं कागदावर लिहून सांगितलं.

"किती दिवस?"

त्यांनी कागदावर लिहिलं, 'एखादं वर्ष. कमीसुद्धा.' मग त्याखाली आणखी एक ओळ लिहिली. 'घरी कुणाच्या लक्षात आलं नाही का?'

कानकाकांनी ती ओळ दोनदा वाचली.

"एक गंमत असते या रोगाची," डॉक्टरीणबाई ओरडल्या. "गोंगाटात बरं ऐकू येतं. कारण गोंगाटात समोरचा माणूस मोठ्यानं बोलतो. शांत खोलीत माणसं हळू बोलतात, ते येत नाही. घरच्यांना वाटतं मुद्दाम करतोय."

कागद घडी करून खिशात घालून कानकाका बाहेर पडले आणि पायीच निघाले. एकदा एका मोटारीनं बहुतेक मागून बरंच काही सुनावलं असावं. चालवणाऱ्याचं तोंड शेजारून जाताना हलत होतं.

घरी कुणाच्या लक्षात यायचं म्हणजे बायकोच्या. बाई एकेकाळी बोलकी होती. इतकी, की कानकाका मित्रांना म्हणायचे, मी दिवसभर कान बनवतो आणि घरी जाऊन ते वापरतो. मग ती बोलायची कमी झाली. वय झालं की माणसं हळू होतात, असं त्यांना वाटलं. संसारात शांतता आली याचा त्यांना थोडा अभिमानसुद्धा वाटला होता. भांडण व्हायचं तेव्हा मात्र ती मोठ्यानं बोलायची आणि तेव्हा त्यांना सगळं स्वच्छ ऐकू यायचं. नळ सुरू असताना सिंकपाशी उभं राहून ती जे ओरडायची तेही ऐकू यायचं: दूधवाला, गळका नळ, तुमच्या बहिणीचा फोन. नळ बंद करून, हात पुसत, जवळ येऊन ती जे बोलायची तेवढंच येत नव्हतं. अशी दोन-तीन वर्षं त्यांच्यापर्यंत फक्त तक्रारी पोचत होत्या. बाकीचं सगळं टपाल दाराबाहेर पडून होतं.

आणि एक संध्याकाळ त्यांना आता, रस्त्याच्या कडेला, उगाचच लख्ख आठवली. सहा वर्षांपूर्वीची. ते जेवणाच्या टेबलाशी बसून नखांतला रंग काढत होते. ती समोर येऊन बसली. काहीतरी म्हणाली. लांबलचक नव्हतं, एक वाक्य असेल. मग बघत राहिली. उत्तर हवंय हे त्यांना कळलं, म्हणून ते म्हणाले, "बरं." 'बरं' हा शब्द फार सोयीचा. शंभरातल्या नव्वद वाक्यांना तो चालतो. ती उठली, आणि त्या दिवसापासून घरातली शांतता पूर्ण झाली.

कशाला बरं म्हटलं होतं आपण?

बहिणीकडे जाऊन राहू का, असं विचारलं होतं? पण ती कुठं गेली नव्हती. दुखणं सांगितलं होतं? कुठलं? सहा वर्षं ती एखादं दुखणं अंगावर काढतेय की काय? एक वर्ष होतं हातात, कमीसुद्धा. तेवढ्यात ते एक वाक्य हाडावरून का होईना, आत यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात निकाल लागला. मालकांनी तो पाटीवर लिहूनच आणला होता, कारण ओरडून सांगण्यासारखा तो नव्हता. वाजवून बघायचं काम आजपासून जीभ करील. कानही जीभच रंगवील, तिचा हात बारीक आहे. कानकाकांनी त्वचेला मदत करावी. मालक माणूस वाईट नव्हता; पाटीच्या खाली त्यांनी 'आरामात करा' असंही लिहिलं होतं.

एकतीस वर्षांनंतर विशेषातून साधारणात बदली झाली. त्वचाबाईंनी गोदामाजवळच्या खोलीत एक स्टूल पुसून ठेवलं होतं. समोर विटेएवढा कातडीचा तुकडा, आडवा कापलेला; आत घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं.

"या काका," त्या त्यांच्या कानाशी येऊन ओरडल्या. "इथं कुणाला काही ऐकू यायची गरज नसते. इथं नुसतं बोचतं."

कानकाका हसले. हे त्यांना पूर्ण ऐकू आलं होतं.

दुपारी त्यांनी एक गोष्ट करून पाहिली. वाळलेला कान फळीवरून काढला, त्याच्या पाळीवर कपाळ टेकवलं आणि टिचकी मारली. टण. कपाळातून आलं. ते पुन्हा पुन्हा टिचकी मारत राहिले. डोळे जाताना थांबले, चष्मा वर करून बघितलं आणि काही न बोलता गेले. प्लॅस्टरच्या कानाला डोकं लावून बसलेल्या बहिऱ्या माणसाला बोलणार तरी काय?

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर बायको टेबल पुसत होती. कानकाकांनी डॉक्टरीणबाईंचा कागद तिच्यासमोर ठेवला. तिनं फडकं खाली ठेवलं, चष्मा लावला, वाचलं. मग पुन्हा वाचलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते त्यांना नीट कळलं नाही. इतक्या वर्षांत त्यांनी तो फार वेळा नीट बघितला नव्हता; ऐकू येत नसलेल्या माणसानं निदान ते तरी करायला हवं होतं.

"मुद्दाम नव्हतो करत," ते म्हणाले.

तिचे ओठ हलले. "काय?" हा एक शब्द ते ओठांवरून ओळखायचे.

"मुद्दाम नव्हतो करत," ते ओरडले. डोक्यात दणका बसला. ती दचकली.

मग त्यांनी खुर्ची फिरवली, तिच्याकडे उजवी बाजू केली, मान वाकवली आणि कानामागच्या हाडावर बोट ठेवलं. "इथं बोल. या हाडावर. हनुवटी टेकव आणि बोल. येतं ऐकू."

ती हलली नाही. ह्या वयात असल्या गोष्टी बाईमाणसाला पटायला वेळ लागतो. खिडकी उघडी होती. समोरच्या घरातून दिसलं तर लोक काय म्हणतील, असाही विचार तिनं केला असावा, कारण ती उठून पडदा ओढून आली. मग त्यांच्या मागे उभी राहिली. साबणाचा वास आला. तिची हनुवटी त्यांच्या हाडावर टेकली, टोकदार.

"अहो," ती म्हणाली.

आलं. जाड, भिंतीपलीकडून आल्यासारखं, पण तिचंच. कानकाकांनी डोळे मिटून घेतले.

"येतंय," ते म्हणाले. "बोल."

हनुवटी जरा उचलली, पुन्हा टेकली.

"अगं, बोल की. त्या दिवशी काय म्हणाली होतीस? मी नखं साफ करत होतो. तू इथंच बसली होतीस. मी बरं म्हटलं. कशाला बरं म्हटलं मी?"

हाडातून तिचा श्वास ऐकू येत होता.

"मी विचारलं होतं," ती म्हणाली, "मी बोलायची बंद झाले तर चालेल का तुम्हाला."

कानकाकांनी टेबलावरचा कागद उगाच सरळ केला.

"तुम्ही बरं म्हणालात," ती म्हणाली. "मग झाले बंद."

"मला ऐकू आलं नव्हतं."

"काय?"

"ऐकू आलं नव्हतं मला."

"हं," ती म्हणाली. हनुवटी अजून तिथंच होती. "कागदात वाचलं ना आत्ता."

"मग आता बोल. वर्ष आहे अजून. त्याआधीचं सगळं, जे हळू बोलायचीस ते. हात पुसत येऊन बोलायचीस ते. सांग ना."

आता ती आठवत होती, हे त्यांना हाडातून कळत होतं. तिचा जबडा हलायचा आणि थांबायचा, रिकामा. कानकाका वाट बघत होते. तिला घाई करायची नाही असं त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं होतं. मानेत रग लागली तरी ते वाकूनच राहिले.

"राग नाही हो माझा," शेवटी ती म्हणाली. "खरंच नाही. पण ते त्या त्या वेळचं असतं. आता काय आठवणार? सुचतच नाही काही."

"काहीही चालेल."

पुन्हा जबडा हलला, पुन्हा थांबला.

"उद्या दूध कमी घ्यायचंय," ती म्हणाली.

"बरं," कानकाका म्हणाले.

हनुवटी उचलली गेली. तिथली कातडी गार पडली. ती पुढं आली, फडकं उचललं, टेबलाचा राहिलेला कोपरा पुसला. मग त्यांच्याकडे बघून काहीतरी म्हणाली, आणि त्यांनी भुवया उंचावल्यावर मान हलवत दोनच शब्द म्हणाली. ओठांवरून त्यांना ते ओळखू आलं. 'काय'सारखंच तेही त्यांना येत होतं. सहा वर्षं ती दुसरं बोलतच कुठं होती?

काही नाही.

ती आत गेली. कानकाकांनी थोड्या वेळानं डोकं भिंतीला टेकवलं, कानामागचं हाड नेमकं भिंतीवर येईल असं. पलीकडे नळ सुरू झाला. भिंतीतून पाणी ऐकू आलं, मग भांडं, मग भांड्यावर भांडं. नळ बंद झाला. त्यांनी डोकं आणखी दाबून धरलं. हात पुसत असेल आता, त्यांना वाटलं.

ते बराच वेळ कान देऊन बसले होते.